परत सांग

छत्रपती संभाजीनगर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय संस्कृती,

फोनवर बोलणं जमलं असतं तर कागद घेऊन बसले नसते. पण या घरात राहून माझा आवाज आता हळू होतच नाही. परवा तुझा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून, माझ्या मते अगदी दबक्या आवाजात बोलले, आणि संध्याकाळी समोरच्या निशाताई विचारतात, "संस्कृतीला सुट्टी नाही का मिळाली?" मेसेज करावा तर माझा मोबाइल कायम तुझ्या बाबांच्या हातात, कारण हवामानाचे नकाशे त्याच्यावर येतात. म्हणून हे पत्र. उत्तर फारूखभाईंच्या चितेगावच्या पत्त्यावर पाठव. घरी आलेलं तुझं पाकीट बाबा टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवून देतात. फाडत नाहीत आणि उघडतही नाहीत.

बातमी अशी की लंकेची परवानगी आली. फारूखभाईंच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये त्यांनी आणि तुझ्या बाबांनी पत्रा कापून, रिव्हेट ठोकून, भांडून आणि परत चहा पिऊन जे विमान केलं, ते आता परदेशी निघालंय. इथून हैदराबाद, तिथून तिरुची, तिरुचीला कस्टम आणि पासपोर्टचे शिक्के, मग समुद्राची चिंचोळी पट्टी ओलांडून जाफना. फेब्रुवारीत, तिकडचा पाऊस सरला की. मला सांगताना बाबा नुसतं "तिरुची" म्हणाले, "संस्कृतीचं तिरुची" म्हणाले नाहीत. तू तिथं टॉवरमध्ये बसून विमानं चढवतेस-उतरवतेस हे ते गल्लीत ज्याला त्याला सांगतात. फक्त घरात तुझं नाव निघत नाही.

क्रांती चौकात बॅनर लागलाय. 'मराठवाड्याच्या मातीतून थेट लंकेत! श्री. बद्रीनाथ व सौ. विशाखा गाडेकर यांचे हार्दिक अभिनंदन.' अजून आम्ही जागचे हललो नाही, पण शाली आणि नारळ घरात मावेनात. फोटोत माझ्या डोळ्यांवर कुणीतरी कॉम्प्युटरनं काळा गॉगल चढवलाय, तो मला बरा दिसत नाही.

हो, मीही जाणार आहे. रेडिओवर मीच बोलते ना. शाळेत इंग्रजी शिकवलं त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. मजा येतेय. काळजी करू नकोस.

तुझी,
आई

५ डिसेंबर २०२५

प्रिय संस्कृती,

तुझं पत्र फारूखभाईंनी वेल्डिंगच्या हातमोज्यात लपवून आणलं. देताना म्हणाले, "भाभी, अपने उमर में ये काम लई बरं दिसत नाय." मला हसू आलं. या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी मला हसवलं.

तयारी कशी चाललीय ते विचारलंस. गेल्या आठवड्यात विमानाचं वजन झालं. तीन चाकांखाली तीन काटे, मग पेट्रोल भरून, मग आम्ही दोघं आत बसून. माझं वजन कागदावर गेलंय आणि आता मी तेवढीच राहायची आहे. जास्त झालं तर सामान कमी, कमी झालं तर तोल पुन्हा मोजा. निशाताईंनी आणून दिलेले डिंकाचे लाडू डब्यात तसेच आहेत. रोज झाकण उघडून बघते.

समुद्रावरून जायचं म्हणून आता नारिंगी जॅकेटं आलीत, फुगवायची होडी आलीय. बाबा मला रोज जॅकेट घालून, पट्टे आवळून आत बसवतात आणि वरून काचेचं झाकण लावतात. मग म्हणतात, "आता समज, आपण पाण्यावर उतरलो. काय करशील?" मी काय करणार? माझा एक खांदा त्यांच्या खांद्याला चिकटलेला, दुसरा पत्र्याला. झाकणाची कडी त्यांच्या बाजूला. तिथपर्यंत माझा हातच पोचत नाही. झाकण लागलं की माझा श्वास छातीतल्या छातीत फिरतो, आणि बाहेरून फारूखभाई काचेवर टकटक करून विचारतात, ठीक आहे ना. मी अंगठा दाखवते.

मला नको वाटतं, हे तुला सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. माझ्याशिवाय ते जाऊ शकत नाहीत, एवढंच समज.

बाबांचं उडायच्या परवान्याचं मेडिकल झालं का विचारलंस. झालं, पास झाले. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढी तब्येत म्हणजे चांगलंच. आणि तो विषय परत काढू नकोस. मागच्या गणपतीत भरल्या घरात, पाहुण्यांसमोर म्हणालीस, "बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही, उडणं थांबवा." त्याचं काय झालं ते तू बघतेसच आहेस. बरोबर बोललीस की चूक, ते मी म्हणत नाही. पण हातात मोदकाचं ताट घेऊन कुणी असं बोलतं का?

आई

२१ डिसेंबर २०२५

संस्कृती,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. 'आई, कानाची तपासणी कशी पास झाले?' माझ्यावर गेली आहेस. मीही वर्गात असंच विचारायचे, पोराला पळायला जागा ठेवायचे नाही.

ऐक तर. कानाच्या तपासणीत माणसाला पाठमोरं उभं करतात आणि डॉक्टर मागून साध्या आवाजात आकडे म्हणतात. ते परत म्हणून दाखवायचे. बाबांची पाठ डॉक्टरांकडे, म्हणजे तोंड कुणाकडे? दाराशी बाकावर मी बसले होते. डॉक्टर मान खाली घालून लिहीत होते. त्यांनी पहिला आकडा म्हटला, बाबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, आणि माझा हात उचलला गेला.

प्रेसशॉपच्या खुणा तुला आठवतात? वाळूजला बाबांच्या कंपनीत त्या दैत्यासारख्या प्रेसखाली गाड्यांचे पत्रे ठोकताना कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून त्यांची हाताची भाषा होती. मूठ म्हणजे थांब. तळवा खाली म्हणजे डाय, वरचा साचा, खाली येतेय. तळवा आपल्याकडे करून बोटं दाखवली की दहाच्या पटीत, समोर करून दाखवली की सुटे. लग्न झाल्यावर ते कंपनीच्या बसच्या खिडकीतून मला खुणा करायचे. जेवून घे. उशीर होईल. मी चाळीच्या जिन्यावर उभी राहून शिकले, आणि तू बोलायच्या आधी शिकलीस. पाणी मागायला तू अंगठा तोंडाला लावायची नाहीस, प्रेसवाल्यांसारखी मनगट हलवायचीस.

तर मी बोटांनी आकडे दाखवले आणि त्यांनी धडाधड म्हटले. त्यांनी मला डोळ्यांनीसुद्धा विनवलं नव्हतं. मी आपण होऊन केलं. बाहेर पायऱ्या उतरताना म्हणाले, "बघितलंस? समदं ऐकू येतं मला. सांग तुझ्या पोरीला." आणि संस्कृती, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटतं. लग्नात, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी काही म्हटलं की मी ते मोठ्यानं परत म्हणते किंवा बोटं हलवते. इतकी वर्षं मी हे इतकं बेमालूम केलंय की माझी बोटं म्हणजेच आपले कान, हे त्या माणसाला कळायलाच मी जागा ठेवली नाही. ते कधी "काय?" म्हणत नाहीत. कधी "परत सांग" म्हणत नाहीत. अंदाज बांधतात, आणि मान हलवतात.

म्हणून मी त्या खुर्चीत आहे. रेडिओ माझ्या इंग्रजीसाठी नाही.

तू ज्या नोकरीत आहेस तिथं हे वाचून गप्प बसता येत नाही, हे मला कळतं. हे लिहून मी तुलाही त्या झाकणाखाली ओढलं. तरी सांगते, कुणाला सांगू नकोस. ते मोडून पडतील.

आई

७ जानेवारी २०२६

संस्कृती,

'बाबांनी स्वतः सांगावं. लंकेला निघायचा अर्ज टॉवरला जायच्या आत सांगितलं नाही तर मी सांगेन.' वा. वरिष्ठांना पाठवायचं पत्र चुकून आईला पाठवलंस की काय? मी दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. तू तिथं टॉवरच्या गारव्यात बसून नियम सांगतेस आणि मी इथं त्या डबीत. त्यांना सांगितलं तर घर गेलं, नाही सांगितलं तर दोघंही जाऊ. मला सांग, यातलं कुठलं दार उघडू?

आज मात्र चिडायला उरलं नाही. घडलं ते सांगते.

रविवारी जालन्यापर्यंत एक फेरी मारून यायची होती. चिकलठाण्याच्या विमानतळावर आम्ही रनवेकडे सरकत होतो. माझ्या मांडीवरची नकाशाची घडी खाली पायाशी सरकली. मी पट्टे सैल करून वाकले. त्याच वेळी टॉवरनं सांगितलं, थांबा, मुंबईचं विमान उतरतंय. मी ऐकलं. पण माझे हात खाली होते. मी वर येईपर्यंत बाबांनी मान हलवली होती. अंदाज बांधला होता, की नेहमीप्रमाणे जा म्हणाले असतील. मी त्यांचं मनगट धरलं, नखं रुतेपर्यंत. आमचं नाक रनवेआधीच्या पिवळ्या रेषेवर थांबलं आणि ते भलं मोठं विमान समोरून खाली आलं. वाऱ्यानं आमचं सगळं विमान हललं.

टॉवर काय काय बोलला ते तू समजू शकतेस. बाबांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. ते माझ्याकडे बघत होते.

घरी आल्यावर म्हणाले, "अगं, मला आलं होतं ऐकू. थांबणारच होतो मी. तू उगं हात धरतीस." मी "बरं" म्हटलं. वरणाला फोडणी दिली, त्यांना वाढलं, स्वतः जेवले. मग भांडी घासताना हातातून ताट सुटलं. त्याचा आवाज शेजारी गेला असेल, त्यांना नाही.

मी त्यांना सांगू शकत नाही. खरंच सांगू शकत नाही. प्रेस सुटली, पगार सुटला, मुलीशी बोलणं सुटलं, आता हेच एक राहिलंय. रोज सकाळी जाऊन त्या पंखांवरून फडकं फिरवतात. ते मी काढून घेऊ?

आई

२५ जानेवारी २०२६

प्रिय संस्कृती,

एक गोष्ट कळली आणि ती तुझीच आहे, म्हणून तुला देते.

मला पहिल्यापासून प्रश्न होता, लंकाच का? नेपाळ आहे की. सगळा रस्ता जमिनीवरून, समुद्र नाही, होडी नाही, जॅकेट नाही. फारूखभाईही तेच म्हणायचे. ते परवा चितेगावहून आले तेव्हा मी विचारलं, तर तोंडातला पानाचा तोबरा सावरत म्हणाले, "भाभी, मैं कितना बोला, नेपाळला चल. तर म्हणतेत, नाय, वाटेत तिरुची पायजे."

मग काल इंद्रजीत आला होता, आपल्या फ्लाइंग क्लबचा. तो शिकवणारा, वयानं तुझ्याएवढा. पाणी पिता पिता हसत म्हणाला, "काकू, काका एकदम भारी प्रश्न विचारतेत. म्हणे टॉवरला आधी कळवून एखादा ठरावीक कंट्रोलर मागता येतो का? मी म्हटलं, काका, ते काय हॉटेल आहे का?" बाबा शेजारीच पेपर वाचत बसले होते. त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांना लाजायचीही वेळ आली नाही.

तू घरी फोन केलास तर ते घेणार नाहीत. तू पत्र टाकलंस तर उघडणार नाहीत. पण टॉवरमधून तू बोललीस तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल, आणि ते बोलले तर तुलाही द्यावं लागेल. दोघांपैकी कुणालाही रुसून चालणार नाही. त्यासाठी या माणसानं मला समुद्रावर न्यायचं ठरवलंय. इंद्रजीत गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

आणि रडता रडता ध्यानात आलं की तेव्हाही ते तुला ऐकणार नाहीतच. तू बोलशील, मी ऐकेन, मी बोटं हलवेन. इतक्या लांब जाऊन त्यांना मिळणार काय, तर माझी बोटं. ती तर घरीच आहेत.

मी अजून काही ठरवलेलं नाही. पण आता राग राहिला नाही, ना तुझ्यावर ना त्यांच्यावर.

तुझी,
आई

१० फेब्रुवारी २०२६

प्रिय संस्कृती,

तू दिलेली मुदत पाळली. कशी ते ऐक.

जानेवारीच्या अखेरच्या बुधवारी शेवटची तालीम होती. होडी मागे बांधलेली, जॅकेटं अंगात, जसं लंकेला निघायचं तसं सगळं. फक्त एक चक्कर मारून परत यायचं. फारूखभाईंनी झाकण लावलं, बाबांनी कडी घातली, इंजिन चालू केलं. मी टॉवरला आमचं नाव सांगितलं. नंतर मी हेडफोन काढून गळ्यात घातला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. एकावर एक, आपण फोटोला बसतो तसे.

टॉवरचं उत्तर आलं असणार. बाबांनी सवयीनं माझ्या हातांकडे बघितलं. हात हलले नाहीत. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, परत हातांकडे. मला झाकणाची भीती वाटत होती ती अजिबात वाटली नाही, एवढं मला आठवतं. मी सरळ समोर बघत राहिले. शेजारी बसलेल्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा एकटं सोडलं होतं.

प्रेसशॉपची मूठ करून त्यांनी मला दाखवली, प्रश्नासारखी. थांबू का? मी तीही परत केली नाही. मग त्यांनी रेडिओचं बटण दाबलं आणि म्हणाले, "से अगेन." मी तुला शपथेवर सांगते, या माणसाच्या तोंडून कुठल्याही भाषेत हे शब्द मी ऐकले नव्हते. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "से अगेन." तिसऱ्यांदा म्हणताना आवाज चिरकला. त्यांनी इंजिन बंद केलं.

पंखा थांबल्यावर एकदम शांत झालं. बाबा समोर बघत होते. म्हणाले, "काय म्हणले ते? परत सांग." मी सांगितलं, "मला माहीत नाही, मी ऐकलंच नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मेडिकलला बी तूच व्हतीस व्हय?" मी मान हलवली. त्यांनी कडी काढली, झाकण उघडलं, आणि आधी मला हात धरून उतरवलं.

दोन दिवस ते विमानाकडे फिरकलेही नाहीत. तिसऱ्या दिवशी कपडे करून म्हणाले, चल, डॉक्टरकडं. तिथं आपणच म्हणाले, "साहेब, मला ऐकू येत नाय. मागच्या बारीला आलं नव्हतं." बोटांचं मी सांगितलं. डॉक्टर माझ्या हातांकडे बघतच राहिले, मग दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं. आम्ही मान खाली घालून ऐकून घेतलं. म्हणजे मी ऐकलं. परवाना थांबवलाय. पुढं काय होईल ते पुढं. बाबा आता दोन्ही कानांत यंत्रं लावून बसतात आणि फोडणीचा आवाज एवढा असतो का म्हणून विचारतात. काल मला म्हणाले, "तू लई मोठ्यानं बोलतीस गं." कपाळाला हात लावला मी.

विमान जाणार आहे. मार्चमध्ये, नव्या परवानगीनं. चालवणार इंद्रजीत, रेडिओवर तोच. माझ्या खुर्चीत बाबा, नुसते प्रवासी म्हणून. त्यांचं वजन माझ्यापेक्षा जास्त, म्हणून पुन्हा काटे आले आणि पुन्हा तोल मोजला. मी शेडच्या दाराशी खुर्ची टाकून ते बघत होते आणि डिंकाचा लाडू खात होते. क्रांती चौकातल्या बॅनरवर आता कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर आलाय, माझा गॉगल तेवढा खालून दिसतो.

टीव्हीखालचा कप्पा मी काल आवरायला घेतला. तुझी पाकिटं तिथं नाहीत. विचारलं नाही.

आता कामाचं. इंद्रजीतकडून बाबांनी एक गोष्ट कबूल करून घेतलीय. तिरुची जवळ आलं की एकदा बटण त्यांना द्यायचं. रेडिओचा परवाना त्यांचा अजून आहे, तो मेडिकलवाल्यांनी घेतलेला नाही. तुझी ड्यूटी त्या दिवशी असेल असं बघ. नियमात बसेल तेवढंच बोल, मी काही जास्त मागत नाही. आणि पलीकडून कुणी "से अगेन" म्हणालं तर वैतागू नकोस. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू आलेलं असेल. तरी परत सांग.

तुझी,
आई